फ्लॉपीतला १९९५ चा सेव्ह, नवा लॅपटॉप आणि गणपतीला येणारा दादा

कातळावरचा, देवगड तालुका (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावूनच विचारतोय. नुसतं "जुना गेम चालत नाही" म्हटलं की कुठला गेम, कुठलं विंडोज, काय दिसतं, हे विचारण्यात दोन दिवस जातात. आणि माझ्याकडे दिवस मोजकेच आहेत.

मृगाच्या पहिल्या सरीला माळ्यावर ठिबकायला लागलं. एक कौल सरकलं होतं. ते सारखं करायला चढलो तर वाशाच्या आडोशाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत साडेतीन इंची अकरा फ्लॉप्या, जुन्या मोठ्या लवचिक चार, एक चौकटीची गणिताची वही आणि लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली झेरॉक्सची दोन चक्रं, मध्ये शर्टाचं टिचबटण मारलेलं. ज्यांना कळलं त्यांना कळलं. पूल ऑफ रेडियन्स या गेमचं कोडव्हील, म्हणजे गेम सुरू करताना मागितलेला शब्द शोधून देणारं चक्र. मोठं चक्र आईच्या पाटल्यांच्या डब्याच्या झाकणाभोवती पेन फिरवून आखलेलं आहे, तेव्हा मी शेजारी बसलो होतो.

बाबांनी एका हंगामाचे आंब्याचे पैसे घालून दादाला डिप्लोमासाठी रत्नागिरीहून सेकंडहँड ३८६ संगणक आणून दिला होता. हार्डडिस्क ४० एमबी. त्यावर अभ्यास किती झाला ते देवाला ठाऊक, पण हा गेम वर्गमित्राकडून फ्लॉपीवर आला आणि घरात राहायलाच आला. सहा जणांची टोळी. नावं सगळी आमच्या वाडीतली: तात्या फायटर, मास्तर मॅजिक-यूजर, बाबल्या चोर, आणि दवापाणी बघायला क्लेरिक म्हणून भटजी. आणखी दोघं होते, ते आता आठवत नाहीत. मी अकरा वर्षांचा. मला फक्त वहीत नकाशा काढायची परवानगी होती. एकदा लढाईनंतरचा माल मी उचलला, तर दादा खेकसला होता, "तांब्याची नाणी कोण उचलतं रे गाढवा!"

आता मुद्दा. १९९५ च्या मे महिन्यात दादा चार दिवस मुंबईला इंटरव्ह्यूला गेला. परत आला तर ए कप्प्यातल्या सेव्हमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या डावात, भटजी मेलेला. दादाचं म्हणणं, मी बसून खेळलो आणि त्याच्या सेव्हवर सेव्ह केलं. माझं म्हणणं, मी हात लावला नाही, त्यानेच जाण्याआधी घाईत काहीतरी घोळ घातला. त्याने ते सगळे सेव्ह पुरावा म्हणून फ्लॉपीवर काढून ठेवले. थट्टा नाही, फ्लॉपीवर त्याच्या अक्षरात "पुरावा" असंच लिहिलंय. तेव्हापासून दरवर्षी गणपतीत आरती होऊन पत्ते मांडले की हा विषय निघतो. दादा आता बोटीवर इंजिनियर आहे, केस पांढरे झाले, तरी म्हणतो, "फाइलीवर तारीख असते. मी मुंबईत होतो त्या चार दिवसांतली तारीख निघाली तर काय करशील?"

यंदा त्याला गणपतीला रजा मिळालीय. तो यायच्या आत मला ती फ्लॉपी उघडून बघायची आहे. निकाल आधी मला कळलेला बरा.

अडचणी अशा:

गेमचा फोल्डर भाच्याने कधीतरी सीडीवर उतरवून ठेवला होता, ती सीडी अजून वाचते. पण लॅपटॉप विंडोज ११ चा. डबलक्लिक केलं की हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही, एवढं सांगून गप्प.

फ्लॉपीचं झाकण सरकवून पाहिलं तर आतल्या काळ्या तबकडीवर पांढरट ठिपके. बुरशी. तालुक्याच्या गावी दुकानात दाखवली तर तिथला मुलगा हसला आणि म्हणाला, "काका, हे सेव्हचं चित्र तुम्ही खरंखुरं बनवून घेतलं काय?"

लॅपटॉपला उजवीकडचा आकड्यांचा पॅड नाही. लढाईत तिरकं चालायला तो लागायचा, एवढं मला आठवतंय.

लॅपटॉप आंब्याच्या ऑर्डरी आणि बिलांचा आहे, तेव्हा त्याची वाट लागेल असं काही सुचवू नका. आमच्याकडे लाईटही येऊन जाऊन असते.

---

टर्बो_बटण, रत्नागिरी (सोमवार, रात्री १०.५५)

अहो कातळावरचे, १९९१ पासून तेरा वर्षं कॉम्प्युटर क्लासात शिकवत होतो. तुमच्या दादासारखी पोरं लोटस १-२-३ च्या प्रॅक्टिकलला बसायची आणि मी पाठ फिरवली की पडद्यावर अंधारकोठडी. त्यामुळे या विषयात माझा जुना हिशेब आहे.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे उगाच सेटिंगं खरवडत बसणार नाही. हा १९८८ चा गेम, डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, १६ बिटांचा प्रोग्राम. जुन्या ३२ बिट विंडोजमध्ये असे प्रोग्राम चालवायला एक सोय होती, ती प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ नावाच्या मोडवर उभी होती. प्रोसेसर ६४ बिटांच्या मोडमध्ये गेला की तो मोडच हाताशी राहत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये ती सोय दिलेलीच नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचंच मिळतं. राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटीमध्ये काहीही निवडा, उपयोग शून्य.

उपाय डॉसबॉक्स. फुकट आहे, २००२ पासून चालू आहे. तो अख्खा जुना पीसीच आत उभा करतो: प्रोसेसर, ईजीए-व्हीजीए कार्ड, साउंड ब्लास्टर, पीसी स्पीकर, सगळं. मूळ डॉसबॉक्सची ०.७४ मालिका जुनी झाली, तुम्ही डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या. त्यात पडद्याचं प्रमाण सुरुवातीपासूनच नीट असतं. हे महत्त्वाचं आहे. ३२० बाय २०० चं चित्र तेव्हा ४:३ च्या मॉनिटरवर पसरायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच. ते सांभाळलं नाही तर भटजी आणि तात्या दोघेही पाटा-वरवंट्याखाली आल्यासारखे बसके दिसतात. लोक वर्षानुवर्षं तसंच खेळतात आणि "जुने ग्राफिक्स असेच" म्हणतात. माझा यावर राग आहे.

गेमचा फोल्डर सीडीवरून लॅपटॉपवर कॉपी करा, साध्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात. फाइलींवरची रीड-ओन्लीची खूण काढा. सीडीवरून आलेल्या फाइलींना ती कधीकधी चिकटलेली असते, मग गेमला सेव्ह करता येत नाही आणि माणूस डॉसबॉक्सला शिव्या देतो. मग डॉसबॉक्समध्ये माउंट आज्ञा देऊन तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडा. तेवढाच फोल्डर जोडा, लॅपटॉपचा अख्खा सी ड्राइव्ह नको. आतला गेम जे पुसेल ते खरोखर पुसलं जातं, आणि तुमची बिलं तिथे आहेत.

वेग: याला सायकल्स म्हणतात. ३८६ च्या आसपासचा वेग हवा तर ५ ते ६ हजार, तुमच्या गेमला ३ हजारही पुरतात. कंट्रोल धरून एफ११ ने कमी, एफ१२ ने जास्त. कमाल वेगावर ठेवलंत तर लढाईत राक्षसांची पाळी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपेल आणि तुमचा माणूस का मेला ते कळणार नाही. माझं नाव टर्बो बटण का, ते आता कळलं असेल. ते बटण वेग वाढवायला नव्हतंच, जुन्या गेमांसाठी कमी करायला होतं.

तुमचा गेम गरीब आहे, ६४० केबीत सुखाने राहतो. अल्टिमा ७ असता तर रडला असतात. त्याचा स्वतःचा मेमरी मॅनेजर होता, नावच व्हूडू, आणि त्याचं डॉसच्या ईएमएम३८६ या मेमरी मॅनेजरशी अजिबात पटायचं नाही. त्या एका गेमसाठी आम्ही वेगळी बूट फ्लॉपी बाळगायचो. डॉसबॉक्समध्ये आता ईएमएस ही जादा मेमरी बंद म्हटलं की झालं, नाहीतर एक्झल्ट नावाचं नवं इंजिन मूळ गेमच्या फाइली घेऊन तो थेट विंडोजवर चालवतं. १९९२ मध्ये कॉन्फिग-सिस या डॉसच्या सेटिंगच्या फाइलीत काढलेल्या रात्री कोणी परत देईल का मला?

---

म्हावरांकर, मालवण (मंगळवार, सकाळी ७.१०)

फ्लॉपयेची बुरशी बगून कोण तुका सांगात, उन्हात घाल म्हणान. घालू नको. माज्या मेव्हण्यान घातल्यान. फ्लॉपी म्हणजे काय सोलां न्हय सुकत घालूक. वायच वाकडी झाली आणि मगे ड्रायवात अडाकली ती भायरच येयना.

बाकी गेमातला माका कायएक कळणा नाय. पण दादा येयसर काय निघता तां सांग, मी हयच आसंय.

---

बिघाडदुरुस्ती, चिपळूण (मंगळवार, दुपारी १.३०)

म्हावरांकर बरोबर बोलले. फ्लॉपीबद्दल मी सांगतो, पाण्यातून काढलेल्या बऱ्याच वस्तू हाताखालून गेल्यात.

पहिली गोष्ट, बुरशी असलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालायची नाही. हेड तबकडीला टेकून चालतं. बुरशीचा कण हेडाखाली आला की तो कानशीसारखा गोल चर पाडतो, आणि चर पडला म्हणजे तिथलं चुंबकीय पूटच गेलं. ते कोणी परत आणू शकत नाही. वर तेच घाणेरडं हेड पुढच्या फ्लॉपीलाही ओरबाडतं. माणसं "एकदा लावून तरी बघू" म्हणतात तिथेच माल जातो.

साडेतीन इंचीचं करायचं असं. आधी कोपऱ्यातली लेखनबंदीची खिटी सरकवून भोक उघडं करा. उघडं भोक म्हणजे लिहिता येत नाही. विंडोज परवानगी न विचारता फ्लॉपीवर काहीबाही लिहून ठेवू शकतं, तुमच्या पुराव्यात ढवळाढवळ नको. मग पत्र्याचं झाकण बोटाने बाजूला धरून, मागची धातूची चकती हळूहळू फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने तबकडी पुसायची. अल्कोहोल ९९ टक्केवालं घ्या. औषधाच्या दुकानातल्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन वगैरे असतं, तो थर बसतो. घासायचं नाही, बाळाच्या डोळ्यातली चिपडं काढतो तसं. दोन्ही बाजू. काडी दर खेपेला नवी. मग पंख्याखाली तास-दोन तास. आपल्याकडच्या पावसाळी हवेत जास्तच.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो, विंडोज ११ त्याला मुकाट ए ड्राइव्ह म्हणून घेतं. आधी एखादी बिनमहत्त्वाची फ्लॉपी लावून ड्राइव्ह तपासा. नंतर फाइली एकेक उचलत बसू नका, आधी अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, काढा. लिनक्सचा पेनड्राइव्ह करता येत असेल तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा, तो वाचलेला भाग बाजूला ठेवून अडलेल्या सेक्टरांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. विंडोजने "ही डिस्क फॉरमॅट करू का" विचारलं तर हात खिशात.

मोठ्या सव्वापाच इंचीचा नाद आत्ता करू नका. यूएसबीवाले ड्राइव्ह त्या वाचत नाहीत, त्यासाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखं वेगळं कार्ड लागतं.

मूळ मशीन घरात आहे का अजून? असलं तर चालू करू नका, आधी उघडून मदरबोर्डवरची बॅटरी बघा. त्या काळी निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी बोर्डावर झाळलेली असायची. ती फुटून गळते आणि तांब्याच्या रेषा खात जाते. आपल्या खाऱ्या हवेत तर हिरवा चोथाच निघतो.

---

अठरा_डबलझिरो, अलिबाग (मंगळवार, संध्याकाळी ६.०५)

कातळावरचे काका, मी तुमच्या फ्लॉपीपेक्षा वयाने लहान आहे, पण गोल्ड बॉक्सचे, म्हणजे पूल ऑफ रेडियन्सपासून सुरू झालेल्या घराण्यातले, चारही पूल-मालिकेतले गेम ओळीने संपवलेत. पूल ऑफ रेडियन्समधली माणसं कर्स ऑफ द अझ्यूर बाँड्समध्ये नेता येतात, तिथून पुढे सीक्रेट ऑफ द सिल्व्हर ब्लेड्स, मग १९९१ चा पूल्स ऑफ डार्कनेस. माझा एकच फायटर पार शेवटपर्यंत गेला. आणि हो, त्याची १८/०० ही कमाल ताकद फाशांनी आलेली नाही, गेमच्या मॉडिफाय आज्ञेने आकडा वाढवून घेतली. सगळेच घेतात. दादांनाही विचारा.

नंबरपॅड: डॉसबॉक्स चालू असताना कंट्रोल-एफ१ दाबलं की कळांची पाटी उघडते. तिथे आकडा पॅडच्या ७, ९, १, ३ या कळा लॅपटॉपच्या कुठल्याही अक्षरांना जोडा आणि सेव्ह करा. मेनूच्या उभ्या यादीत वरखाली जायलाही ७ आणि १ च लागतात, हे न कळून खूप जण पहिल्या दुकानातच अडकतात. फक्त जोडलेली अक्षरं गेमच्या आज्ञांची नसावीत. त्यापेक्षा वेगळा यूएसबी नंबरपॅड मिळतो तो घ्या, बिलांनाही उपयोगी पडेल.

सीडीवरच्या फोल्डरने काम होईल, पण हा संच आता जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर रीतसर विकत मिळतो, २०१५ पासून. मी घ्या म्हणेन. तुम्हाला आज जर्नलची पुस्तिका लागेल. गेम मध्येच सांगतो की अमुक नंबरची नोंद वाचा, आणि ती नोंद पडद्यावर नसतेच. त्यातल्या काही नोंदी मुद्दाम खोट्या आहेत, पुढचं वाचून टाकणाऱ्यांना चकवायला. तुमच्या वर्गमित्रवाल्या कॉपीसोबत पुस्तिका आली होती का?

नव्या गेमची सवय असेल तर दोन गोष्टी टोचतील. यात एका फटक्यात सगळ्यांच्या जखमा भरणारी "फिक्स" ही आज्ञा नाही, ती पुढच्या गेमपासून आली. जखमा भरायच्या तर क्लेरिकला एकेक मंत्र पाठ करायला लावा, विश्रांती घ्या, प्रत्येकावर म्हणा, परत पाठ करा. आणि नाण्यांना वजन असतं. २०० तांब्याची मिळून एक सोन्याची होते, पण वजन प्रत्येकाचं तेवढंच. तांबं उचलत गेलं की माणूस १२ घरं चालायचा तो ३ वर येतो आणि लढाईत सगळ्यांच्या मागे राहतो. दादा खेकसले ते बरोबरच होतं.

---

पेणकर२, पेण (मंगळवार, रात्री ११.२०)

एवढा खटाटोप कशाला? डॅगरफॉल हा जुना गेम बेथेस्डा कंपनीने २००९ मध्ये फुकट केला, युनिटी इंजिनवरची नवी आवृत्ती एका क्लिकवर चालते. ते खेळा.

कातळावरचा, देवगड तालुका (मंगळवार, रात्री ११.४०)

पेणकर, धन्यवाद. पण डॅगरफॉलमध्ये आमचा भटजी मेलेला नाही.

---

कातळावरचा, देवगड तालुका (रविवार, रात्री १०.१५)

सगळ्यांचे आभार. पाच दिवसांचा अहवाल देतो.

डॉसबॉक्स स्टेजिंग पहिल्या फटक्यात चालला. रीड-ओन्लीचं टर्बो सरांनी सांगितलं नसतं तर मी तिथेच बसलो असतो. गेमने सुरू होताच कोडव्हीलचा शब्द मागितला. लग्नपत्रिकेचं चक्र फिरवलं, टिचबटण गंजलं होतं, खोबरेल लावलं. शब्द जुळला. पीसी स्पीकरची ती पिपाणी वाजल्यावर आई आतून विचारते, "मिक्सर जळतोय का रे?"

जीओजीवरचा संचही घेतला. पुस्तिकेसाठी, आणि थोडं मनाला टोचलं म्हणून. अठरा ताई, आमच्याकडे पुस्तिका नव्हतीच. दादाच्या वहीत पाठीमागून "नोंद १४ = माहीत नाही, नोंद २२ = माहीत नाही" अशी दोन पानं भरलीत. म्हणजे अर्धा गेम आम्ही कोण कशाला भांडतंय हे न कळता खेळलो.

फ्लॉपी. यूएसबी ड्राइव्ह आला, कापसाच्या काड्यांचं एक पाकीट संपलं. अकरापैकी सात धड वाचल्या. "पुरावा"वाली सुरुवातीला अडखळली, तेवढ्यात लाईट गेली, मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून रात्रभर डीडीरेस्क्यू लावून ठेवला लॅपटॉपच्या बॅटरीवर. सकाळी तीन सेक्टर सोडून सगळं आलं, आणि ते तीन रिकाम्या जागेतले निघाले.

आता मजा बघा. फाइलींची यादी उघडली. ए कप्पा, बी कप्पा, सी कप्पा, तिन्हींच्या सगळ्या फाइलींवर तारीख एकच: १ जानेवारी १९८०. तेव्हा आमच्या घरात संगणक काय, वीजही नव्हती. पुरावा खलास! नाचलो अक्षरशः.

पण सेव्ह गेममध्ये दिसत नाहीत. फोल्डरमध्ये टाकले तरी लोड करायला गेलं की काही नाही. हे काय?

---

टर्बो_बटण, रत्नागिरी (रविवार, रात्री १०.५०)

सोपं आहे. सेव्ह कुठे ठेवायचे तो पत्ता गेमच्या सेटिंगच्या फाइलीत लिहिलेला असतो. ती फाइल नोटपॅडात उघडून बघा. दादांच्या हार्डडिस्कचे दोन भाग केलेले असतील तर तिथे डी ड्राइव्ह असेल. काही बदलू नका, डॉसबॉक्समध्ये तोच फोल्डर सी ऐवजी डी म्हणून माउंट करा.

आता नाच जरा थांबवा. १ जानेवारी १९८० म्हणजे डॉसची पहिली तारीख, त्याच्या मागचं वर्ष त्याला लिहिताच येत नाही. मशीनची बॅटरी मेली की घड्याळ तिथे जाऊन पडतं. तुमचा ३८६ सुरू करताना रोज काही भरावं लागायचं का?

---

कातळावरचा, देवगड तालुका (रविवार, रात्री ११.०५)

लागायचं! दादा रोज निळ्या पडद्यावर जाऊन कुठेतरी १७ टाकायचा. मला वाटायचं तो पासवर्ड आहे. मी तो चोरून पाठ केला होता.

(हे वाक्य लिहायला नको होतं असं आत्ता वाटतंय.)

---

टर्बो_बटण, रत्नागिरी (रविवार, रात्री ११.२५)

१७ हा हार्डडिस्कचा प्रकार. ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर, म्हणजे ४० एमबी. बॅटरी गेल्यामुळे मशीन ते रोज विसरायचं. दादा डिस्कचा प्रकार भरायचे, तारखेचा कंटाळा करायचे. ऑटोएक्झेक ही सुरू होताच आपोआप चालणारी फाइल असली की डॉसही तारीख विचारत नाही.

आता फाइलीची तारीख सोडा, वेळ बघा. बॅटरी मेलेल्या मशीनचं घड्याळ बहुतेक मध्यरात्रीपासून सुरू होतं. म्हणजे फाइलीवरची वेळ ही मशीन सुरू केल्यापासून किती वेळाने सेव्ह केलं, ती आहे. फ्लॉपीवर कॉपी केल्याने ती बदलत नाही. तीन कप्प्यांच्या वेळा इथे लिहा.

---

म्हावरांकर, मालवण (सोमवार, सकाळी ६.५०)

मास्तर, तुमी पोलिसात होवचे होतात.

---

कातळावरचा, देवगड तालुका (सोमवार, रात्री ९.३०)

बी कप्पा: ३ वाजून ५१ मिनिटं. सी कप्पा: ४ वाजून ८ मिनिटं. दादा रात्र रात्र बसायचा, जुळतं.

ए कप्पा: १२ वाजून २२ मिनिटं.

आई तेव्हा संध्याकाळी देवळात दिवा लावायला जायची. जाऊन येऊन अर्धा तास.

डी म्हणून माउंट केल्यावर सेव्ह उघडले. ए लोड केला. टोळी फ्लान या गेममधल्या शहराच्या झोपडपट्टीत उभी आहे, भटजीच्या नावापुढे मेल्याची खूण. एकेकाचं सामान बघत गेलो. मास्तरकडे काही नाही, बाबल्याकडे काही नाही. तात्याची चाल ३. पैशांचं पान उघडलं, तर तांब्याची नाणी २,१४०.

तांबं उचलणारा घरात एकच होता.

खरं सांगतो, मला काहीही आठवत नाही. इतकी वर्षं मी खोटं बोलत नव्हतो. पण १७ पाठ असणं आणि तात्याच्या अंगावरचं ते तांबं, यापुढे काय बोलणार. बहुधा तात्या रांगत मागे राहिला आणि भटजी एकटा पुढे सापडला.

---

अठरा_डबलझिरो, अलिबाग (सोमवार, रात्री ९.५५)

काका, वाईट वाटून घेऊ नका. फ्लानमध्ये देवळं आहेत, पैसे मोजले की पुजारी मेलेल्याला उठवतात. भटजी माणूस आहे ना, एल्फ नाही ना? एल्फ उठत नाही. तात्याचं सगळं तांबं मोडलंत तर १० सोन्याची नाणी आणि वर सुट्टे, त्यात देवळाच्या पायरीवरही कोणी उभं करणार नाही. तांबं टाकून द्या आधी, मग कमवायला लागा. आणि ए वर सेव्ह करू नका, डी कप्पा वापरा.

---

म्हावरांकर, मालवण (सोमवार, रात्री १०.३०)

फ्लॉपी डब्यात घाल, डबो माळ्यार ठेव, आणि तां कौल परत सरकय.

---

कातळावरचा, देवगड तालुका (मंगळवार, रात्री १२.०५)

म्हावरांकर, मोह झाला होता. पण प्रतिमा पेनड्राइव्हवर आहे, तो कितीदा सरकवणार.

भटजी माणूसच आहे, बघून आलो. तांबं टाकलं, तात्या १२ वर आला. डी कप्प्यात सेव्ह केलं, दोन खोल्या साफ केल्या, मास्तर एकदा आडवा पडला पण वाचला. देवळातला दर बघून आलोय, बरंच कमवायचंय. दादा यायला १९ दिवस आहेत. उद्या नंबरपॅड येतोय.